तांदळाच्या डब्यामागचा तांब्या

बाबा, आज टँकर आला नाही. सकाळी नळ सोडला तर आधी नुसती हवा आली आणि मग तीही थांबली. सूनबाई तोंडात ब्रश धरून खिडकीतून खाली बघत उभी होती, बघितल्याने टँकर येणार असल्यासारखी. आम्ही बंगळुराच्या टोकाला, व्हाइटफील्डला अकराव्या मजल्यावर राहतो. तुमच्या वेळी व्हाइटफील्ड म्हणजे निवृत्त अँग्लो-इंडियन लोकांची थोडी कौलारू घरे आणि मधे माळ. तुम्ही एकदा कारखान्यातल्या कुणाला तरी भेटायला बसवनगुडीहून सायकल मारत तिथे गेला होतात आणि परत आल्यावर दोन दिवस आईकडून पाय चोळून घेतले होते. आता इथे इतकी माणसे झाली आहेत की जमिनीखालचे पाणी त्यांना पुरत नाही. ते लांबून कुठून तरी टँकरने आणतात आणि त्यावर आम्ही आंघोळी करतो.

माझ्या हृदयाचे आता फारसे काही करता येणार नाही, असे डॉक्टरांनी गेल्या आठवड्यात मुलाला बाहेर नेऊन सांगितले. दार अर्धे उघडे होते, मला ऐकू आले. मुलाने मला ते सांगितले नाही. पण त्या दिवसापासून ऑफिसची गाडी खाली येऊन उभी असली तरी तो माझ्या खोलीत डोकावल्याशिवाय जात नाही. परवा रात्री जेवताना म्हणाला, "आई, आपल्यात काय काय करतात ते एकदा लिहून ठेवशील का? मला काहीच माहीत नाही." त्याचे बरोबर आहे. त्याला सांगणार कोण? आपली बहुतेक माणसे केव्हाच इस्राएलला गेली आणि मी इथे त्याला वाढवताना परीक्षा, नोकऱ्या, हप्ते यांतून कधी मोकळीच झाले नाही. म्हणून काल दुपारी कागद घेऊन बसले. कुणाला फोन करायचा, पांढरे कापड कुठे ठेवले आहे, म्हैसूर रस्त्यावरच्या आपल्या कब्रस्तानाची किल्ली कुणाकडे असते, असे एकेक लिहीत गेले. मग लिहिले, 'घरातले सगळे भरलेले पाणी ओतून टाकावे.' आणि तिथे हात थांबला.

त्या ओळीपुढे मला जाता येईना. तुम्ही गेलात त्या दिवशी पाणी ओतायचे काम माझ्याकडे होते आणि मी एक तांब्या ओतला नाही. त्याचा आळ शेजारच्या अक्कांवर आला आणि मी गप्प बसले. हे आजवर मी कुणाला सांगितलेले नाही. आईला नाही, यजमानांना नाही, मुलाला नाही. आता मुलाला ती ओळ लिहून द्यायची तर आधी हे कुठेतरी सांगून टाकावे असे वाटले, म्हणून दुसरा कागद घेतला आणि वर 'बाबा' लिहिले. मी थकले आहे, बाबा. दुखत-खुपत काही नाही. नुसती थकले आहे. पत्र लांबले तर सांभाळून घ्या.

आपले ते वठार तुम्हाला आठवत असेल. मुलाला मी सांगते, मुंबईची चाळ जमिनीवर आडवी पाडली तर जशी होईल तसे. एकाच अंगणाभोवती पाच बिऱ्हाडे, मधे एक नळ. घर बघायला गेलो तेव्हा मालकांनी तुम्हाला जात विचारली होती. तुम्ही म्हणालात, "इस्राएल." त्यांनी विचारले, "म्हणजे कोण?" तुम्ही दहा मिनिटे समजावलेत. यहुदी धर्म, कोकण, फुटलेले गलबत, तेलाचे घाणे, शनिवार. सगळे ऐकून त्यांनी एकच विचारले, "मांस शिजवणार का?" बंगळुरात आपल्या पद्धतीने कापणारे कुणी नव्हते, त्यामुळे मुंबईला गेल्याशिवाय आपल्या ताटात मटण येतच नसे. तुम्ही म्हणालात, "इथे नाही." झाले. त्या एका उत्तरावर आपल्याला बसवनगुडीत घर मिळाले. आई नंतर म्हणायची, "देवाचा नियम पाळला म्हणून नाही, भाजी खाल्ली म्हणून घर मिळालं."

शेजारच्या दाराला अक्का. धारवाडकडच्या, म्हणून मराठी सगळे कळे, बोलताना मात्र अर्धे कानडी. यजमान जाऊन पुष्कळ वर्षे झालेली. एकट्या राहत, हप्पळ म्हणजे पापड लाटत आणि गांधीबाजारातल्या दुकानांना देत. आपल्या घरात त्या कधी काही खायच्या नाहीत, त्यांचे सोवळे असे. पण उंबऱ्याच्या अलीकडे त्या आणि पलीकडे आई, अशा तासन् तास गप्पा चालत. दोघींनी एकाच दिवशी, एकाच भांडीवाल्याकडून पितळेचे दोन सारखे तांब्ये घेतले होते. आपल्या तांब्याला नंतर पोटाला एक पोचा आला, एवढाच काय तो फरक.

तो आपला तांब्या तुमच्या उशाशी असायचा. डोळे उघडले की पलंगावर बसूनच तुम्ही त्यातले पाणी हातांवर घ्यायचे, खाली घमेले असे, आणि मग रोज सकाळचे ते आभार म्हणायचे. तू मला दिलेली नेशामा, हा जीव, शुद्ध आहे, तू ती परत दिलीस, अशा अर्थाचे. मला तो प्रकार लहानपणी फार गमतीचा वाटे. मी विचारले होते, "रोज रात्री ती जाते कुठे?" तुम्ही कारखान्यात तपासणी खात्यात होता, हजारांश इंच मोजणारे. तुम्हाला सगळे कारखान्यातूनच समजावता येई. म्हणालात, "टूल-रूममध्ये मी सकाळी पितळी टोकन टांगतो आणि मायक्रोमीटर घेतो. संध्याकाळी मायक्रोमीटर परत करतो आणि टोकन घेतो. वस्तू माझी नाही, पण दिवसभर जबाबदारी माझी. तसं." दारात बसून डाळ निवडणाऱ्या अक्का हे ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "मग तुमचा देव रोज रात्री इतके जीव सांभाळतो, एकदाही अदलाबदल होत नाही, अं? आमचा तर सरळ दुसऱ्या अंगात घालून मोकळा होतो." तुम्ही इतके हसलात की चहा सांडला.

जीव म्हणजे एक नाही, तीन पदर, हेही तुम्हीच सांगितले. मुंबईला आजीकडे आई मटणाला मीठ चोळून लाकडी फळीवर निथळत ठेवी आणि मी नाक दाबून उभी राही, तेव्हा. रक्तात असतो तो नेफेश, तो कोंबडीलाही असतो, म्हणून रक्त खायचे नाही. रूआह म्हणजे वारे. राग, हसू, भांडायला उठणे, सगळे त्यातले. आणि नेशामा म्हणजे देवाने आदामाच्या नाकात फुंकलेला श्वास. मी विचारले, "अक्कांना तिन्ही आहेत का?" तुम्ही जरा रागानेच म्हणालात, "आदामाच्या नाकात फुंकलं तेव्हा आपण आणि अक्का वेगळे कुठे होतो?" त्या वेळी मला ते कळले नाही. पुढे कळले, आणि कळून काही उपयोग केला नाही.

शनिवारचे तर तुमच्या मनाला लागून राहिले होते. शब्बाथला माणसाला एक जादा नेशामा मिळते आणि शनिवारी तारे दिसले की ती परत जाते, असे तुम्ही मानायचे. पण कारखान्याला शनिवारी अर्धा दिवस काम. पोट भरायचे तर जाणे भाग होते. डबा घेऊन निघताना दारात थांबून तुम्ही आम्हाला म्हणायचे, "माझी जादाची घरीच ठेवून जातोय. सांभाळा." आणि परत आलात की आधी विचारायचे, "आहे ना?" मी म्हणायचे, "आहे." हा आपला खेळ होता, आता वाटते, तो तुम्हाला खेळ नव्हता. संध्याकाळी ती जाताना माणसाला घेरी येऊ नये म्हणून काही तरी सुगंधी हुंगायचे असते. मुंबईत सब्जा असे. इथे अक्कांच्या कुंडीतला मरवा. शनिवारी दिवेलागणीला अक्का न सांगता मरव्याची काडी आपल्या खिडकीत ठेवून जात. "तुमच्या पाहुणीला निरोप द्या," म्हणत.

आता कुत्र्याची गोष्ट. ती तुम्ही विसरला असाल, मी नाही. मी दहा वर्षांची असेन. नळ पहाटे दीड तास यायचा, आणि रांगेत भांडी लावलेली असत. मी ती ओलांडून उड्या मारत होते आणि अक्कांची भरलेली बिंदगी, तो मोठा पितळी घडा, माझ्या पायाने आडवा झाला. सगळे पाणी अंगणात. अक्का बाहेर आल्या तेव्हा मी मालकांच्या कुत्र्याकडे बोट दाखवले. कुत्र्याने मार खाल्ला. संध्याकाळी तुम्ही घरी आलात, दोरीवर माझा परकर वाळत होता तो बघितलात, आणि आपल्या घरातली भरलेली कळशी माझ्या कमरेवर दिलीत. "जा. अक्कांकडे रिकामी करून ये." मी परत आले तेव्हा तुम्ही मला समोर बसवलेत. आवाज चढवला नाहीत. "पाणी सांडलं, त्याचं काही नाही. खोटं बोललीस, तेही मुलं बोलतात. पण तू कुत्रा निवडलास. का, सांगू? त्याला बोलता येत नाही म्हणून." मी रडत विचारले, "माझी नेशामा काळी झाली का?" तुम्ही म्हणालात, "ती काळी होत नाही. उद्या सकाळी परत स्वच्छ मिळेल. पण देणारा बघत असेल ना, काल काय करून आणलं होतं ते." मग मला जवळ घेतलेत. अंगाला कारखान्याच्या तेलाचा वास येत होता.

चीनशी लढाई झाली त्याच्या आदल्या वर्षीचा उन्हाळा. मी पंधरा वर्षांची. एक साधा मंगळवार. मी पहाटे उठते, पहिला तांब्या भरून तुमच्या उशाशी ठेवते. तुम्ही भिंतीकडे तोंड करून झोपला आहात. मी पाऊल न वाजवता बाहेर येते आणि तासभर पाणी भरते. हंडा, दोन बिंदग्या, बादल्या, पातेली. त्या दिवसांत नळ एक दिवसाआड येई, म्हणून वाट्या सोडून सगळे भरायचे. सगळे भरून झाल्यावर आई म्हणते, "आज अजून कसे उठले नाहीत?" आणि आत जाते. मी तांब्या ठेवला तेव्हा तुम्ही होता की नव्हता, हे मला तेव्हा कळले नाही. डॉक्टर आले, म्हणाले, झोपेतच गेले, दोन-तीन तास झाले असतील. म्हणजे नव्हताच.

आईने जो आवाज काढला त्याने अक्का धावत आल्या. त्यांच्या हातात त्यांचा तांब्या होता. त्यांनी आईच्या तोंडावर पाणी मारले, उरलेले तिला पाजले, आणि रिकामा तांब्या तिथेच पलंगाशी ठेवला. थोड्या वेळाने आई मला म्हणाली, "पाणी ओत. सगळं." आई मानायची की मृत्यूचा दूत आपली सुरी घरातल्या पाण्यात धुऊन जातो आणि ते पाणी राहिले तर गेलेल्याचा जीव त्यात अडकतो. तुम्ही तसे मानत नव्हता. आजी गेली तेव्हा तुम्ही मला सांगितले होते, "कुणी गेलं हे तोंडाने सांगू नये म्हणून पाणी ओततात. बघणाऱ्याला कळतं." खरेच तसे झाले. मी एकेक भांडे अंगणात नेऊन नळाच्या मोरीत ओतत होते. बाकीच्या चारही दारांत माणसे उभी होती. कुणी एक शब्द विचारला नाही. आणि मी दुसरी बिंदगी ओतून वळले तेव्हा अक्का आपल्या दारातून आपली बिंदगी घेऊन येत होत्या. पुढचे पाणी दोन दिवसांनी येणार होते. शेजाऱ्यांनीही ओतायचे असते हे तुम्हीच त्यांना कधी तरी गप्पांत सांगितले असणार. त्यांनी माझ्याकडे बघितले नाही. मोरीशी वाकल्या आणि घडा उपडा केला. हे मी पाहिले. आई आत होती, तिने पाहिले नाही.

शेवटी तुमच्या उशाचा तांब्या राहिला. मी तो उचलला, अंगणाकडे निघाले, आणि मधेच स्वयंपाकघरात वळून तांदळाच्या डब्यामागे ठेवला. का, ते अनेक वर्षे मी स्वतःला वेगवेगळे सांगितले. थकले होते. माणसे येतील, एक थेंब पाणी नाही, कुणाला तहान लागेल. यांतले काहीच खरे नाही. पाणी ओतले की सगळ्यांना कळते, हे तुमचेच म्हणणे. मग एक भांडे भरलेले असेल तर अजून पुरते कळलेले नाही, असे मला वाटले. सकाळचे हात धुवायचे तुमचे राहिले होते. तेवढ्यासाठी ते पाणी असू द्यावे, एवढाच माझा विचार होता. पंधरा वर्षांची मुलगी एवढी वेडी असते का, मला ठाऊक नाही. मी होते.

दुपारी तुम्हाला म्हैसूर रस्त्यावर नेले. कँटोन्मेंटमधून, शिवाजीनगरकडून मिळून आपली सातच पुरुषमाणसे जमली. दहा नसतील तर जी प्रार्थना म्हणता येत नाही, ती राहिलीच. पुढे काकांनी ती मुंबईला म्हटली. त्या दिवशी आपल्या घरी चूल पेटवायची नव्हती, पहिले जेवण बाहेरून यायचे असते, म्हणून अक्का सारू-भात घेऊन आल्या. पहिल्यांदाच त्यांनी आपल्या स्वयंपाकघरात पाऊल ठेवले. आईला ताट देण्यासाठी त्यांनी फडताळात वाटी शोधली, तिथे आईही आली, तांदळाचा डबा सरकला आणि मागचा तांब्या दिसला. काठोकाठ भरलेला. आईचा चेहरा मला अजून दिसतो. "हे कुणी ठेवलं?" तिने विचारले. मग तिची नजर पलंगाशी पडलेल्या रिकाम्या तांब्याकडे गेली. तो आपला, असे तिने धरले. म्हणजे हा भरलेला अक्कांचा. सकाळी अक्का तांब्याच घेऊन आल्या होत्या ना. "अक्का, तुम्ही? त्यांचा जीव अडकला असता ह्यात. इतकी वर्षं शेजारी राहून तुम्ही असं करावं?"

अक्कांना पोचा दिसला असणार. तांब्या त्यांच्या हाताच्या अंतरावर होता. त्यांनी तांब्याकडे बघितले, मग माझ्याकडे. मी भिंतीला पाठ लावून उभी होते. त्या सावकाश म्हणाल्या, "हौदम्मा. नंदे. माझाच आहे. तप्पायितु, चूक झाली माझी." आईने पुढचे ताट बाजूला सारले. "तुमच्या हातचं पाणी नको आता मला. जेवणही नको." अक्कांनी ताट उचलले, दुसऱ्या हातात तो तांब्या घेतला, पाणी सांडू न देता आपल्या घरी गेल्या. मी दारातून बघत होते. त्यांनी ते पाणी मरव्याच्या कुंडीत घातले. पलंगाशी राहिलेला तांब्या आईने न बघताच फडताळात मागे टाकला आणि पुन्हा कधी वापरला नाही.

सात दिवस जिथे तुम्ही गेलात तिथे चटई, दिवा आणि पाण्याचा पेला ठेवला होता. कारखान्यातल्या तुमच्या कप्प्यातले टोकन कुणी आणून दिले, आईने ते दिव्याशेजारी ठेवले. सात दिवस जीव कबर आणि घर यांच्यात येरझाऱ्या घालतो, म्हणून तो दिवा. मी त्या दिव्यासमोर रोज बसायचे आणि तुम्ही आत बसला आहात असे धरून मनात म्हणायचे, उद्या सांगते. सातवा दिवस झाला, दिवा काढला.

त्यानंतर चार वर्षे आपण त्या वठारात राहिलो. आई आणि अक्का एका नळावर पाणी भरत आणि बोलत नसत. शनिवारी मरव्याची काडी मात्र खिडकीत यायची. आई ती केरसुणीने खाली लोटायची. मी ती उचलून मोरीत नेऊन हुंगायचे. तुम्ही गेल्यावर जादाची नेशामा घरी सांभाळायला कुणी सांगत नव्हते, तरी सवयीने. मग मला शिवाजीनगरला एका ऑफिसात टायपिस्टची नोकरी लागली आणि आपण तिकडे राहायला गेलो. निघताना अक्का दारात होत्या. आई सरळ रिक्षात जाऊन बसली.

एकदा मी गेले होते, बाबा. लग्न ठरल्यावर. शिवाजीनगरहून बस धरली, सगळे वाक्य मनात घोकून ठेवले होते, कानडीत. अक्का फार वाळल्या होत्या, लाटणे सुटले होते. म्हणाल्या, "अम्मा चेन्नागिद्दारा? आई बरी आहे ना?" मी म्हटले, बरी आहे. त्यांनी मला बसवले आणि पाणी दिले. तांब्याच्या पोटाला पोचा होता. तुमचा तांब्या. इतकी वर्षे तो त्यांच्याकडे होता आणि त्यांचा आपल्याकडे, आणि हे जगात आम्हा दोघींनाच माहीत होते. मी पाणी प्याले. त्या म्हणाल्या, "कुडी, पी गं, स्वल्प अजून घे." मी अजून प्याले. मग लग्नाचे बोलले, नवऱ्याच्या नोकरीचे बोलले आणि उठले. माझे घोकलेले वाक्य तसेच राहिले. पुढच्या उन्हाळ्यात अक्का गेल्याचे मालकांकडून कळले.

आई त्यानंतरही पुष्कळ जगली. शेवटच्या आजारात एकदा, मी तिचे केस विंचरत असताना, मधेच म्हणाली, "त्या अक्काने तसं का केलं असेल गं? बाई वाईट नव्हती." माझ्या हातात कंगवा होता, खोलीत दुसरे कुणी नव्हते. मी म्हटले, "जाऊ दे ना आई." याहून सोपी वेळ मला कुठली मिळणार होती? तुम्ही म्हणायचे, रोज सकाळी स्वच्छ मिळते. बाबा, मला ती इतक्या सकाळी स्वच्छ मिळाली, आणि इतक्या रात्री मी ती तोच एक डाग घेऊन परत केली, की आता देणाऱ्यालाही कंटाळा आला असेल. मला तरी आला आहे.

मुलासाठीच्या कागदावर मी ती ओळ ठेवली आहे. सूनबाईने वाचून विचारले, "आई, अहो पण पाणी टाकीत असतं, ओतायचं काय?" मी म्हटले, "फडताळात पितळेचा एक तांब्या आहे, तो भरून ठेवत जा. तेवढा ओतलास तरी चालेल." ती म्हणाली, "आज तर तोही भरता येणार नाही." आम्ही दोघी हसलो. तो तांब्या अक्कांचा आहे हे मी तिला सांगितले नाही. माझ्या वेळचे पाणी निदान त्यांच्या भांड्यातून जावे, एवढेच मनात होते. खाली आता कसला तरी मोठा हॉर्न वाजतो आहे, टँकर आला असावा.

तुमचा जीव माझ्या तांब्यात अडकला नाही, हे मला तेव्हाही ठाऊक होते. तुम्ही असल्या गोष्टी मानत नव्हता आणि तुम्ही माझ्यावर फार वेळ रागावतही नव्हता. म्हणून तर हे तुम्हाला लिहिले. लिहायचे होते अक्कांना, आणि कानडी मला चांगली लिहिता येते. हा कागद मी मुलाच्या कागदासोबत ठेवणार नाही, फाडीन बहुतेक. पण फाडण्याआधी एक. स्वतःला मी आजवर हेच सांगत आले की त्या संध्याकाळी दुःखाने माझी वाचा बसली होती. ती बसली नव्हती. अक्का "माझाच आहे" म्हणाल्या तेव्हा मला हायसे वाटले होते, बाबा. कुत्र्याच्या वेळी वाटले होते, अगदी तसेच.